पाणी आणायला गेलेला माणूस

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोन ते पाच माणसानं गप पडून राहावं, यापलीकडे शहाणपण नाही. मी नेमका त्या वेळेत आईला कथा वाचून दाखवायला बसलो. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून बावीस पानं वाचली. दिवाळी अंकाला पाठवायची होती. आईच्या वडिलांवर, म्हणजे आमच्या आबांवर लिहिलेली. शीर्षकाखाली ठसठशीत ओळ, ‘सत्य घटनेवर आधारित’.

आई चादरीवर कलंडून ऐकत होती. मध्ये एकदा उठून माठातलं पाणी प्यायली, तेव्हा मी थांबलो, तर म्हणाली, “वाच वाच, ऐकू येतंय.” संपलं तेव्हा थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“चांगलं लिहिलायस,” ती म्हणाली. “पण हा माणूस कोण?”

“कोण म्हणजे? आबाच की.”

“छे. हा लई शूर आहे.”

मला राग आला. सहा महिने मी त्या कथेसाठी नकाशे बघितले होते, पलटणींचे इतिहास चाळले होते, तारखा पडताळल्या होत्या. तारीख एकही चुकलेली नव्हती, आणि माणूसच चुकला म्हणे.

आबा मंगळवेढ्याकडचे. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, आणि पाऊस आला तर आला. लागोपाठ दोन वर्षं तो आला नाही, तेव्हा आबा बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. दुसऱ्या बटालियनला फौजेत ‘काली पांचवी’ म्हणत. आबा शेवटपर्यंत ‘आमची काळी पाचवी’ म्हणायचे, गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तसं. का गेलात, असं विचारलं की एका शब्दात उत्तर: “पगार.” माझ्या कथेत मात्र भरतीच्या आदल्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. कारण १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली होती. त्याच सरकारची वर्दी चढवताना माणसाचे हात थरथरणारच, असं मला वाटलं, म्हणून थरथरवले.

“हात कशाला थरथरतील?” आई म्हणाली. “नवं कापड होतं. त्याआधी नवं कापड त्यांनी कधी अंगावर घातलं होतं?”

दुसऱ्या महायुद्धात ही पलटण टोब्रुकला होती. टोब्रुक हे लिबियातलं बंदर. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं त्याच्या आग्नेय बाजूवर हल्ला चढवला. तिथे अकरावी हिंदुस्थानी ब्रिगेड होती आणि तिच्यात काळी पाचवी. आधी विमानं आली, मग तोफा, मग रणगाडे. उन्हं वर येईपर्यंत मराठ्यांचे मोर्चे चिरडले गेले होते. दुसऱ्या दिवशी बंदर पडलं आणि सुमारे ३३ हजार माणसं कैद झाली. पुस्तकांत हे सगळं आहे, नकाशांसकट. आम्हा नातवंडांना आबांच्या तोंडून जे मिळालं ते एवढंच: “इमानं आली तवा मी तितं न्हवतो. पानी आणाया गेल्तो.”

पुढे विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे.

आता कथा लिहिणाऱ्यानं या वाक्याचं करायचं काय? युद्धकथेचा नायक, आणि ऐन लढाईला तो पाण्याचे डबे घेऊन भलतीकडेच! मी त्यांना उचलून खंदकात बसवलं. हातात ब्रेन गन दिली. त्यांचा जोडीदार, सांगोल्याकडचा एक गडी, त्या सकाळी गेला, एवढं घरात माहीत होतं. त्याला मी आबांच्या मांडीवर मरू दिलं. त्याच्या तोंडी शेवटचे शब्दही घातले, चांगले साडेतीन ओळींचे. खरं सांगायचं तर ते लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

पुढेही तोच प्रकार. कैद्यांना आफ्रिकेतून जहाजात भरून इटलीला नेत. जहाजावर कैद्यांची काही खूण नसे, त्यामुळे त्यातली काही ब्रिटिश पाणबुड्यांनीच बुडवली. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘लोरेटो’ नावाचं असंच एक जहाज गेलं, त्यात हिंदुस्थानी कैदी होते. म्हणजे ज्यांच्या बाजूनं लढताना कैद झाले, त्यांच्याच टॉर्पेडोनं मेले. आबांच्या बाबतीत काय झालं, तर जहाजात चढवताना माणसं मोजत होते आणि आकडा आबांच्या पुढे दोन माणसं सोडून संपला. बाकीच्यांना पुढच्या खेपेला थांबवलं. “दोन माणसं,” आबा दोन बोटं दाखवायचे. पुढे काही नाही. कथेत मी त्यांना रांगेतली स्वतःची जागा एका आजारी सोबत्याला द्यायला लावली.

एक कबुली अजून. पहिल्या खर्ड्यात मी नेताजींनाही छावणीत आणलं होतं. मराठी माणूस, परदेशातली कैद आणि १९४२ साल म्हटलं की नेताजी आणावेसे वाटणारच. आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतूनच त्यांनी जर्मनीत आपली फौज उभारली हे खरंच आहे. पण ती भरती चालली जर्मनीतल्या आनाबुर्गला, आणि आबा तिकडे कधी गेलेच नाहीत. प्रवेश काढावा लागला. अजून हळहळ वाटते.

आबा होते ते आवेझ्झानोला. रोमच्या पूर्वेला, अब्रुझ्झोच्या डोंगरांत. ते त्याला ‘अवजान’ म्हणायचे. म्हातारपणी त्यांचं एक वाक्य आम्ही भ्रमात काढलं होतं: “अवजानला तळ्याच्या पोटात बटाटं लावत्यात.” सिद्धेश्वर तलाव आणि अवजान यांची डोक्यात गल्लत झाली असणार, असं आम्ही धरून चाललो. कथेच्या निमित्तानं नकाशा उघडला तर काय, आवेझ्झानोला लागून फुचिनोचं मैदान. ते मुळात भलंमोठं तळं होतं, एकोणिसाव्या शतकात बोगद्यातून पाणी काढून आटवलेलं. तळाची जमीन नांगराखाली आणली, आणि तिथला बटाटा प्रसिद्ध आहे. आबा बरोबर होते. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कथेत मात्र कुठेच घालू शकलो नाही, कारण पळणाऱ्या नायकाला बटाटे बघायला सवड नसते.

पळण्याचं तरी काय! ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. माझ्या कथेत आबा अंधारात तार कापतात, शोधदिवा फिरतो, कुत्री भुंकतात. आबांच्या सांगण्यात ते सकाळी उठले तर फाटकावर पहारा नव्हता. त्यांनी छावणीतल्या नळावर तोंड धुतलं आणि इतरांमागून चालायला लागले. कितीतरी छावण्यांतल्या कैद्यांना लंडनहून गुप्त आदेश होता की जागा सोडू नका, आपलं सैन्य येतंच आहे. तो पाळून थांबलेल्या हजारोंना जर्मनांनी मालगाड्यांत कोंबून जर्मनीला नेलं. म्हणजे शिस्तीनं वागलेले अडकले. आबांनी शिस्त मोडली का? “मला कुनी सांगितलंच न्हाई. समदी चालली, म्हणून चाललो.”

मग नऊ महिने एका शेतकऱ्याच्या घरी. आबांकडे खरं सांगण्यासारखं होतं ते इथलं, आणि ते न विचारता सांगायचे.

डोंगराच्या उतारावर दगडी घर, खाली गुरं, वर माणसं. आबा गुरांच्यात झोपायचे, ऊब असायची. हिवाळ्यात बर्फ पडलं, “मिठाची पोती फुटल्यागत”. दोस्तराष्ट्रांचं सैन्य खाली कासिनो गावापाशी अडकलेलं, मे १९४४ पर्यंत हललं नाही. जर्मनांनी फर्मान काढलेलं की पळालेल्या कैद्याला जो आसरा देईल त्याला मरणाची शिक्षा. घरातल्या म्हातारीचा थोरला मुलगा रशियात गेलेला. इटलीनं तिकडे धाडलेल्या सैन्याची १९४२-४३ च्या हिवाळ्यात वाताहत झाली होती. त्याचा कोट आबांना दिला. बाह्या लांब होत्या, त्या म्हातारीनं आत दुमडून टाके घातले, कापल्या नाहीत.

रात्री मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं व्हायचं. आबा त्याला ‘मक्याच्या कण्या’ म्हणायचे. चुलीवर मोठ्या कढईत म्हातारी लाकडी दांड्यानं तासभर घोटायची. मग ताट नाही, परात नाही; टेबलावर भलीमोठी लाकडी फळी ठेवायची आणि ते सगळं तिच्यावर ओतायचं. ते पसरायचं, काठाशी थिजायचं. वर असलं तर थोडं टमाट्याचं कालवण. मग सगळ्यांनी चारी बाजूंनी बसून आपापल्या कडेनं खात खात आत सरकायचं. मधोमध एखादा मटणाचा तुकडा असलाच, तर जो भराभर खाईल तो आधी पोचेल. पोरं घास न चावता गिळायची. आबा सांगायचे, पहिल्या रात्री त्यांना कळेना आपली कड कुठली. एकाच फळीवर सगळ्यांनी जेवायचं! गावाकडे पंगतीत कोण कुठे बसणार हे जन्माआधी ठरलेलं. म्हातारीनं चमच्याच्या दांड्यानं त्या कण्यांत एक रेघ ओढली आणि बोटानं दाखवलं, हे तुझं. हे सांगताना आबा आमच्या घरातल्या पाटावर तर्जनीनं तशीच रेघ ओढायचे, आणि दर वेळी ती थोडी वाकडी, त्यांच्याकडे जास्त येईल अशी. “तिनं मला जास्ती दिलं हुतं. दामाजीचं घर ते.”

जून १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य तिथवर आलं. निघताना म्हातारीच्या नवऱ्यानं कागद पुढे केला. पळालेले कैदी आसरा देणाऱ्यांना अशी चिठ्ठी देऊन जात. पुढे अशा कुटुंबांना फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. आबा तिसरी शिकलेले. त्यांनी मराठीत नाव लिहिलं, पलटण लिहिली, गाव, तालुका मंगळवेढा, जिल्हा सोलापूर, आणि खाली ‘यांनी जेवू घातले’. त्या मुलखात ते कोण वाचणार होतं, देव जाणे.

आबा घरी आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. आजी खुरपायला गेलेली. शिंक्यातली भाकरी काढून खाल्ली आणि झोपले. माझ्या कथेत अर्थातच आजी वेशीवर उभी आहे.

“हे सगळं खरं सोडून तू तार कापत कशाला बसलास?” आईचा प्रश्न. मी म्हटलं, अगं, वाचकाला काहीतरी घडताना दिसायला लागतं. नायकानं काही करायला नको का? तिनं माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलून झोपली. मला झोप येईना.

भैया चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक लागतं, तिथे मी बऱ्याचदा रेंगाळतो. सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पाच डॉक्टर होते, आणि त्यांना धाडणारे काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबूच. (नेताजींची आणि सोलापूरची गाठ पडली ती अशी, माझ्या छावणीत उगाच आणत होतो.) जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर कोटणीसांनी तिथे अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले ते अपस्माराच्या झटक्यानं. गोळीनं नाही, बॉम्बनं नाही. चार वर्षांत, १९४६ साली, शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. त्या चित्रपटाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते माझ्याबद्दल: ही गोष्ट मी लिहायला घेतली असती, तर तो अपस्मार मला नक्की खुपला असता. चार वर्षं आघाडीवर काढलेल्या माणसाला असं घरात मरण? मी एखादं जपानी विमान आणलंच असतं.

एकाच वर्षात एकाच जिल्ह्यातली दोन माणसं. शर्थ केलेला गेला, आणि पाण्याला गेलेला वाचला. युद्धाचा हिशोब असा बेताल असतो आणि आम्ही लिहिणारे तो जुळवत बसतो. वाचला, म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार. पण हे एकदा धरलं की न वाचलेल्याचं काय? तो कुठेतरी कमी पडला असणार. बावीस पानांत मी सांगोल्याच्या त्या गड्याला साडेतीन ओळी बोलायला लावलं, आणि नकळत त्याला हे ऐकवलं की आबा तुझ्यापेक्षा शूर, म्हणून ते आहेत आणि तू नाहीस. आबांना हे कळत होतं. म्हणून ते घट्ट धरून होते, मी तिथं नव्हतो.

मग काय, भर घालूच नये? तसं म्हणायला मी मंगळवेढ्याच्या लेकीचा मुलगा शोभणार नाही. दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली. आता त्यांची मान जाणार, तोच विठू महार दरबारात हजर, थैली ओतून धान्याची किंमत चुकती. माझ्यासारख्यानं हे लिहिलं असतं तर दामाजीपंत बुरुजावरून उडी मारून निसटले असते. आमच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी भर घातली ती कुठे बघा. पंतांच्या अंगात बळ घातलं नाही. बाहेरून एक माणूस आणला, काठी-घोंगडीवाला, आणि पंतांना त्याचा पत्ताच नाही. वाचणाऱ्याला कळतच नाही आपण कुणामुळे वाचलो.

हे मी संध्याकाळी आईला सांगितलं. अंगणात पाणी मारून झालं होतं, फरशीची वाफ येत होती. आई शेंगा सोलत होती. माझं व्याख्यान संपेपर्यंत तिनं अर्धी पाटी संपवली.

“आबांनीपण घातली होती भर,” ती म्हणाली.

“कुठं?”

“सांगोल्याला.”

दरवर्षी सुगी झाली की आबा बैलगाडीत ज्वारीचं एक पोतं टाकून सांगोल्याकडे जायचे, एवढं मला माहीत होतं. जुन्या ओळखीत देणंघेणं असेल, असं वाटायचं. आई लहान असताना दोनतीनदा सोबत गेली होती. त्या गड्याच्या आईकडे जायचे. एकटी म्हातारी, दोन खण घर. आबा पोतं उतरवून कोपऱ्यात लावायचे, ती गूळपाणी द्यायची, आणि मग दरसाल तेच विचारायची.

“काय?”

“शेवटाला काय बोलला, म्हणून. आबा सांगायचे, पाणी मागितलं. मी होतो जवळ. माझ्या हातानं पाजलं.”

मी आईकडे बघत राहिलो. ती शेंगाच बघत होती.

“पहिल्या वर्षी एवढंच. पुढच्या वर्षी म्हणाले, दोन घोट प्यायला. मग एकदा म्हणाले, तुमचं नाव काढलं. वाटेत गाडीत मी विचारलं, आबा, तुम्ही तर तिथं नव्हता ना? तर बैलांना हाकलं नुसतं.”

“त्या म्हातारीला कळलं असेल?”

आईनं टरफलं सुपात झटकली. “काय माहीत. ती उलटून काही विचारायची नाही. एकच विचारायची, पाणी गार होतं का.”

“आणि आबा?”

“म्हणायचे, गार हुतं, मावशी.”